हजेरीपट हेच पहिले पुस्तक

दरसाल मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा एकाच सुमारास येतात. शेतकरी बी-बियाण्याच्या आणि कर्जाच्या घोरात असतो, सुतार-लोहाराच्या हाताला त्या दिवसांत उसंत नसते. अशा धांदलीत आई किंवा बाप सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरून त्यास शाळेत आणून सोडतो आणि मास्तरांस म्हणतो, "याला चार अक्षरे येऊ द्या." एवढे बोलून तो वावराकडे वळतो. मागे राहते ते मूल.

त्या मुलापुढे त्या दिवशी दोन अनोळखी मेळे उभे असतात. एक मुलांचा आणि दुसरा अक्षरांचा. पहिल्या मेळ्यात कोणी ढकलते, कोणी हसते, कोणी जवळ बसू देत नाही. दुसऱ्या मेळ्यातील अक्षरे भिंतीवरून नुसती पाहत असतात, बोलत काहीच नाहीत. मास्तर मंडळी या दोन कामांची फारकत करतात. अक्षरे शिकविणे हे आपले काम, आणि मुलांची एकमेकांशी ओळख होणे हे देवाचे किंवा दैवाचे काम, अशी ही वाटणी आहे. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही कामे एकाच अवजाराने होतात, ते अवजार प्रत्येक शाळेत आहे आणि त्यास एक पैसाही पडत नाही. ते अवजार म्हणजे हजेरीपट. पहिलीच्या मुलांचे पहिले पुस्तक त्यांच्या वर्गातील मुलांच्या नावांचे असावे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

एकाच गावची मुले ती, त्यांस ओळख कशाला करून द्यावयाची, असे कोणी म्हणेल. ज्याने गाव दुरून पाहिले तोच असे म्हणेल. गावठाणातल्या मुलास मळ्यावरचे मूल ठाऊक नसते. मळ्यावरच्यास तांड्यावरचे नसते. वेशीबाहेरच्या वस्तीतले मूल सर्वांच्या नजरेस पडते, पण त्याचे नाव कोणी विचारलेले नसते. 'कुणाचा रं तू?' हा आपल्या खेड्यातला पहिला प्रश्न. मूल बापाचे नाव सांगते, आळी सांगते, आणि विचारणारास जे हवे असते ते तेवढ्यात कळून चुकते. मुलाचे स्वतःचे नाव विचारावयाचे राहूनच जाते. महाराष्ट्र सरकारने २०२० सालच्या डिसेंबरात वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय केला. निर्णय चांगला आहे. परंतु पाटी बदलली म्हणजे जीभ बदलते असे नाही. जीभ लहानपणी वळवावी लागते.

आपल्या मराठी जिभेची एक जुनी खोड येथे सांगितली पाहिजे. नाव एकच, पण ते कोणाच्या घरी जन्मले त्यावर त्याची शेपटी ठरते. एका घरचा धोंडू मोठा झाला म्हणजे धोंडोपंत होतो, दुसऱ्या घरचा धोंडू म्हातारा झाला तरी धोंड्याच राहतो. इकडे बापूराव, तिकडे बाप्या. इकडे गणपतराव, तिकडे गण्या. 'राव' आणि 'पंत' ज्यांच्या वाट्यास आले त्यांनी ते हिसकावून घेतले असे आम्ही म्हणत नाही, पण ज्यांच्या वाट्यास नुसता 'या' आला त्यांच्या पिढ्यान् पिढ्या ती हाक ऐकत मान खाली घालून गेल्या हे खरे आहे. आणि आपण शेतकरी-कारागीर तरी काय करतो? पाटलाने आपणांस 'या' लावला म्हणून रागावतो आणि आपल्याहून खालचा मानलेला कोणी भेटला की तोच 'या' त्यास लावतो. ही उतरंड पहिलीच्या वर्गातही जशीच्या तशी येऊन बसते. सहा वर्षांचे मूल आपल्या शेजाऱ्यास कशी हाक मारावी हे घरूनच शिकून आलेले असते.

अशा गावात ज्या जागी प्रत्येक मुलाचे नाव सारख्याच शाईने आणि पुऱ्या अक्षरांत लिहिले जाते अशी एक जागा आहे, ती म्हणजे शाळेचा पट. तेथे गण्या नाही, गणेश आहे. तेथे सखी नाही, सखुबाई आहे. पण पटावर नाव असणे आणि वर्गात स्थान असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १९०० सालच्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ सालापासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. नाव पटावर चढले, पण त्या मुलास बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी ते परत आणावे लागे, कारण शाळेचा गडी त्यास हात लावीत नसे. शिपाई हजर नसला तर त्या मुलास पाणीही मिळत नसे. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. नाव वहीत होते, बरोबरीच्या मुलांच्या तोंडी नव्हते. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत बसविण्याची आज्ञा केली. एका छपराखाली मुले आणून बसविण्याचे काम कायदा करू शकतो. त्या मुलांनी एकमेकांस नावाने हाक मारावी हे काम मात्र मास्तरांचे आणि आईबापांचे आहे.

आता अक्षरांकडे वळू. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळीच्या पाटीवर प्रथम 'ओनामा' गिरवी. 'ॐ नमः सिद्धम्' याचा तो अपभ्रंश. त्याचा अर्थ मुलास ठाऊक नसे आणि पुष्कळदा पंतोजीसही नसे. मग क, ख, ग, घ, ङ. हा क्रम मोठ्या शहाण्या लोकांनी लावलेला आहे. कंठातून निघणारे वर्ण आधी, मग टाळूचे, मग मूर्धेचे, मग दातांचे, मग ओठांचे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास त्यात आनंद आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्याच ओळीच्या शेवटी 'ङ' उभा आहे, ज्याने आरंभ होणारा एकही शब्द त्याच्या घरात नाही. पुढल्या ओळीच्या शेवटी 'ञ' आहे, त्याचीही तीच गत. ज्याच्याशी काही देणेघेणे नाही अशा पाहुण्यांची रांग मुलापुढे उभी करावयाची आणि मग मूल कंटाळले म्हणजे त्यास 'ढ' म्हणावयाचे, हा न्याय कोणता?

मुलाने जन्मापासून सर्वांत अधिक वेळा ऐकलेला शब्द कोणता? त्याचे स्वतःचे नाव. आईने अंगाईत तेच घेतले, बापाने वावरातून तेच हाकारले. म्हणून तो शब्द कागदावर पाहताच मुलाचे डोळे चमकतात. मूल आपल्या नावातील पहिले अक्षर इतर अक्षरांच्या आधी ओळखते, असे बालशिक्षणाच्या अभ्यासकांस अनेकदा आढळले आहे, आणि पहिलीस शिकविणाऱ्या कोणत्याही मास्तरास याची प्रचीती येते. कमल नावाच्या मुलीस 'क' हा कमळाचा किंवा कपाचा नसतो, तो तिचा स्वतःचा असतो. तो भिंतीवर दिसला की "हा माझा," असे म्हणून ती बोट दाखविते. दूर न्यूझीलंड देशात सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांस याच वाटेने वाचावयास शिकविले. प्रत्येक मुलास त्याच्या मनातला शब्द विचारावयाचा, तो जाड कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावयाचा, आणि त्याच शब्दांवर पुढचे वाचन उभे करावयाचे, अशी तिची रीत. १९६३ साली तिचे पुस्तक निघाले तेव्हा ती रीत जगापुढे आली. आमच्या मते आपल्या खेड्यात मनातल्या शब्दांचा आरंभ नावांपासून व्हावा, कारण येथे अक्षराइतकीच ओळखीचीही गरज आहे.

हे करावयाचे कसे, ते साध्या भाषेत सांगतो. लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका प्रत्येक घरी पडलेल्या असतात. त्यांची कोरी बाजू घेऊन सारख्या मापाच्या पट्ट्या कापाव्या. प्रत्येक पट्टीवर एका मुलाचे नाव ठळक, गोलसर अक्षरांत लिहावे. नुसते नाव लिहावे, आडनाव लिहू नये. आडनाव हे आपल्या देशात जातीचा जासूद आहे. त्याची ओळख मुलास पुढे होईलच, पहिल्याच दिवशी नको. मुलगे एकीकडे आणि मुली दुसरीकडे असे गठ्ठेही करू नयेत. सर्व पट्ट्या एकाच टोपलीत असाव्या.

पहिल्या आठवड्यात मुलांस गोल बसवावे. मास्तरांनी एक पट्टी उचलून वाचावी. ज्याचे नाव असेल त्याने उभे राहून म्हणावे, "मी मारुती," आणि सर्वांनी ते नाव टाळ्या वाजवून म्हणावे. मा-रु-ती, टाळ्या तीन. ल-ता, टाळ्या दोन. ज-ना-बा-ई, टाळ्या चार. कोणाचे नाव लांब, कोणाचे आखूड, हे मुले आपण होऊन सांगू लागतात. शब्द हा तुकड्यांचा बनतो आणि प्रत्येक तुकड्यास एक अक्षर असते, हे वाचनाचे मर्म त्या टाळ्यांतच मुलाच्या अंगी उतरते.

दुसऱ्या आठवड्यापासून मुलाने सकाळी येताच टोपलीतून आपली पट्टी शोधून दोरीवर अडकवावी. हीच हजेरी. टोपलीत ज्या पट्ट्या उरल्या त्या मुलांनीच वाचाव्या. "आज मीना आली नाही." का आली नाही? कोणास ठाऊक आहे? तिच्या वाटेवर राहणाऱ्या दोघांनी संध्याकाळी जाऊन विचारून यावे. येथे वाचन आणि माणुसकी एकाच दमात शिकविली जाते. आजकाल पुष्कळ ठिकाणी हजेरी आकड्यांनी घेतात. "एक, दोन, तीन" म्हणावयाचे आणि मुलांनी "हजर" म्हणून ओरडावयाचे. वेळ वाचतो हे खरे. पण कैद्यांस नंबर असतो, मुलांस नाव असते. ज्या वर्गात नाव रोज उच्चारले जात नाही त्या वर्गातून एखादे मूल गळाले तरी त्याचा रिकामा आवाज कोणास ऐकू येत नाही.

मग येतो नावांचा खेळ. एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या पट्ट्या जवळ ठेवा. मनीषा, मारुती, मीना, मुमताज, मेघा, मोहन. पाहा, बाराखडीची सहा घरे चटईवर जिवंत बसली आहेत! 'म'ला काना दिला की मारुती होतो, मात्रा दिली की मेघा होते, हे ज्याने एकदा पाहिले त्यास बाराखडी रडत घोकावी लागत नाही. एका वर्गात अशी सहाच्या सहा नावे जुळून येणार नाहीत, तर शेजारच्या वर्गातली घ्यावी, घरच्या माणसांची घ्यावी. नाव उलटे वाचावे. लता उलटी केली की ताल होतो. नामदेव मोडला की 'नाम' निघते आणि 'देव' निघतो. सरलाच्या नावातून 'सर' निघते, 'रस' निघतो. विठाबाईच्या घरून 'ठ' येतो, बाळूकडून 'ळ' येतो, गणेशाकडून 'ण' येतो. इब्राहिमाच्या नावात जोडाक्षर आहे, तेव्हा त्या अवघड वळणाचा मान त्याचा. एकाचे अक्षर दुसऱ्याच्या नावास उसने लागते, आणि ज्याचे अक्षर आपण घेतले त्यास आपण विसरत नाही.

नावांत काही अक्षरे सापडत नाहीत, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. 'ढ'ने सुरू होणारे नाव वर्गात बहुधा मिळत नाही. तेव्हा ढग, ढोल, ढेकूळ हे शब्द घ्यावे, आणि जे अक्षर कोणाच्याच नावात सापडले नाही ते उगीच कोणा मुलाच्या कपाळी चिकटवू नये! नावे हा उंबरठा आहे, सारे घर नव्हे. महिना-दीड महिना त्यांवर काम झाले की घरोघरचे शब्द आणावे. कुळव, पाभर, नांगर, भाता, ऐरण, चाक, रापी, धोटा, शेळी, तवा, चूल. ज्याच्या घरी जो शब्द जिवंत आहे त्याने तो वर्गास सांगावा, त्या वस्तूचा उपयोग सांगावा. मात्र मास्तरांनी येथे सावध असावे. धंद्याचा शब्द सन्मानाने यावा, धंद्याचा शिक्का मुलावर बसू नये. भात्याचा शब्द लोहाराच्या मुलाने आणला म्हणून त्याने जन्मभर भाताच ओढावा असे होत नाही, आणि पाटलाच्या मुलीने 'ऐरण' लिहिली म्हणून तिचे काही बिघडत नाही.

शेवटी वर्गाचे एक पुस्तक करावे. प्रत्येक मुलास एक पान. वर त्याचे नाव, खाली वर्गमित्रांनी त्याच्याविषयी सांगितलेले एक चांगले वाक्य. "सलमा झाडावर सरसर चढते." "संतोषच्या शेळीला दोन पिले झाली." मूल ज्या बोलीत सांगेल त्या बोलीत मास्तरांनी ते लिहावे. 'शेरडी' म्हणाले तर 'शेरडी'च लिहावे. पुस्तकी 'शेळी' पुढे येईलच. तांड्यावरच्या मुलाने गोरमाटी शब्द सांगितला, भिलाच्या मुलाने भिली शब्द सांगितला, तर तोही बालबोध अक्षरांत लिहून सर्वांनी वाचावा. स्वतःविषयी चार मुलांनी चांगले बोललेले पान ज्या मुलास वाचावयास मिळते, ते मूल शाळेस नको म्हणत नाही. हे पुस्तक पाळीपाळीने एकेका घरी रात्रीपुरते जावे. ज्या घरात छापील पुस्तक नाही त्या घरात ते पहिले पुस्तक होईल.

या रीतीने मुलांच्या जिभेचे काय होते ते पाहा. पट्टीवर 'गणेश' लिहिलेले आहे. वाचणाऱ्यास 'गणेश' असेच वाचावे लागते, 'गण्या' म्हटले तर ते वाचन चुकले. म्हणजे शुद्ध वाचणे आणि मान देऊन हाक मारणे येथे एकच झाले. उपदेशाच्या शंभर पाठांनी जे होत नाही ते एका पट्टीने रोज सकाळी होते. घरी आईने लाडाने काहीही म्हणावे, त्यास आमची ना नाही. मुलासच विचारावे, "तुला वर्गात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?" आणि ते सांगेल ते नाव पट्टीवर लिहावे.

काही नावे मात्र वाचावयास जीभ धजत नाही. पूर्वी मुले जगत नसत, म्हणून नजर लागू नये या भीतीने आईबाप दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवीत. त्या नावांमागे वेडी माया होती. पण 'नकोशी', 'नकुसा' या नावामागे काय आहे? मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, एवढा एकच राग. २०११ सालच्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेंहून अधिक मुलींचे जाहीर समारंभात नव्याने नामकरण झाले. कित्येकींनी आपले नाव आपणच निवडले. त्या जिल्ह्याने हे काम केले याबद्दल त्याचे अभिनंदन, आणि ते करावयाची वेळ आली याबद्दल आपणां सर्वांस खेद वाटला पाहिजे. तीस मुलांनी रोज सकाळी टाळ्या वाजवून 'नकोशी' म्हणावे असे कोणत्या बापास वाटेल? पट्टीवर नाव लिहावयाची वेळ येईल हे ध्यानी धरून बारशाच्या वेळीच नाव ठेवा. आणि आईचे नावही मुलास लिहिता यावे. २०२४ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदात आधी आईचे नाव, मग बापाचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने केला आहे. ज्या माउलीचे नाव गावात कोणी उच्चारीत नाही, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढीच जिची ओळख, तिचे नाव तिच्या लेकराने पाटीवर लिहून दाखवावे, याहून मोठे बक्षीस कोणते?

आणखी एका मुलाची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. लेकरे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून आईबापांबरोबर जातात. इकडे शाळेत त्यांची जागा रिकामी पडते, आणि परत आल्यावर मागचे अक्षर विसरलेले, पुढचे न शिकलेले, आणि वर्गातल्या कोणाशीही बोलणे तुटलेले असे ते मूल दाराशी उभे राहते. कित्येक मुले याच दारावरून कायमची माघारी वळतात. आमची मास्तर मंडळींस विनंती आहे की अशा मुलाची पट्टी टोपलीतून काढून टाकू नये. दोरीच्या एका टोकास 'गावाला गेलेले' अशी जागा करावी आणि तेथे ती पट्टी लावून ठेवावी. मुलांनी ती रोज वाचावी. चार ओळींचे पत्र लिहिता येऊ लागले की ते त्याच्या आईबापांच्या मुकादमाच्या फोनवर फोटो काढून पाठवावे. आणि ज्या गावाच्या शिवारात अशी लेकरे तोडीस येतात, त्या गावच्या शाळेने पहिल्याच दिवशी त्यांच्या नावाच्या पट्ट्या कराव्या. मूल पाच महिने राहो की पंधरा दिवस, त्याचे नाव त्या भिंतीवर असले पाहिजे. परत आलेल्या मुलास आपले नाव जागेवर सापडले म्हणजे त्यास कळते की माझी वाट पाहणारे येथे कोणीतरी होते.

आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, इंग्रजी शाळांतली मुले ए बी सी डी गातात आणि आमची पोरे काय नुसती नावे वाचीत बसतील? त्यास उत्तर असे की गाणे आणि वाचणे यांत अंतर आहे. पोपटही गातो. कोणी म्हणेल, मास्तरांस वेळ कोठे आहे? माहिती भरावयाची, फोटो पाठवावयाचे, मुलाचे नाव इंग्रजी स्पेलिंगासह यंत्रात चढवावयाचे, यातच दिवस जातो. ही तक्रार खरी आहे, आणि सरकारने ती ऐकली पाहिजे. यंत्रात नाव बिनचूक चढले आणि वर्गात ते कोणाच्या तोंडी नाही, तर त्या नोंदीचा मुलास काय उपयोग? पण हजेरी तर रोज घ्यावीच लागते. तिचीच दहा मिनिटे आम्ही मागत आहो. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' नावाची मोहीम काढली आणि २०२६-२७ सालापर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलास समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठरविले. उद्दिष्ट उत्तम. परंतु तिसरीची इमारत पहिलीच्या पायावर उभी राहते, आणि तो पाया घालणाऱ्या मास्तरांस मुलांची नावेसुद्धा पाठ नसतील तर दिल्लीच्या कागदाने काय होणार?

१८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे जोतिराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याबरोबरच त्यांनी असेही मागितले की शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावे, जे लोकांत मोकळेपणी मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि नांगराचा रुमणा हाती धरावयास लाजणार नाहीत. आज खेड्यापाड्यांत तसे कित्येक शिक्षक आहेत. आपल्याच घरांतून ते आले आहेत. त्यांच्याकडून अधिक अपेक्षा करण्याचा आपणांस हक्क आहे.

आता घरचे काम. ज्या आईस अक्षर येत नाही ती म्हणते, "मी काय शिकविणार?" बाई, तुला पुष्कळ शिकविता येते. भाकरी थापताना लेकरास एवढेच विचार, "आज कोणाचे नाव वाचलेस? आज कोण आले नव्हते?" कोळशाने भिंतीवर किंवा बोटाने अंगणातल्या धुळीत त्याला ते नाव लिहावयास सांग. तू वाचू शकत नाहीस म्हणून लेकरू तुला वाचून दाखवील, आणि शिकविणाऱ्याचा धडा पक्का होतो हे तर सर्वांस ठाऊक आहे. बापाने आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन ती दोरी पाहावी. आपल्या मुलाचे नाव कोठे आहे हे मुलासच विचारावे, आणि शेजारची दोन नावे कोणाची आहेत हेही विचारावे.

आणि ज्याचे नाव वाचले ते मूल कधी तुमच्या दाराशी आले तर त्यास 'कुणाचा तू?' म्हणून विचारू नका. त्याचे नाव विचारा. घरच्या माठातले पाणी घरच्याच पेल्याने द्या. तुमचे मूल त्या वेळी तुमच्या तोंडाकडे पाहत असते. सकाळी शाळेत शिकलेले अक्षर खरे की खोटे, हे ते तेथेच ठरवीत असते. नावे मास्तर वाचावयास शिकवतील. ती खरी करणे तुमच्या हाती आहे.